खालच्या मजल्याला दीड तारा

माझ्या ब्लॉगला चार वाचक होते. त्यातला एक मीच, बँकेतल्या कॉम्प्युटरवरून. दुसराही मीच, चेन्नईत अण्णा नगरातल्या घरच्या कॉम्प्युटरवरून. उरलेले दोन म्हणजे माझा मेहुणा आणि त्याचा एक मित्र, ज्याला अमेरिकेत करमत नव्हतं. तरी दर रविवारी मी नव्या सिनेमांना असे तारे वाटायचो, जणू माझा निकाल लागेपर्यंत निर्माते बिचारे उपाशी बसले आहेत. पाचपैकी पाच तारे फक्त मी शाळेत असताना पाहिलेल्या सिनेमांना. गाण्यांचंही तेच. माझ्या आवडत्या गाण्यांची यादी मी सारखी बदलायचो आणि प्रत्येक वेळी खाली लिहायचो, 'ही यादी अंतिम आहे.'

बदली होऊन चेन्नईला आलो तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पुढेही 'या', 'बसा' आणि 'सुटे नाहीत' यापलीकडे मजल गेली नाही. पण म्हणून तमिळ सिनेमांवर लिहायचं मी थांबलो नाही. जे संवाद कळायचे नाहीत त्यांना 'काव्यमय' म्हणायचो, आणि जिथे डुलकी लागायची तिथे 'संथ लय'.

"तुला गोष्ट तरी कळलीय का?" बायको विचारायची.

"भाव कळला."

"म्हणजे नाही कळली."

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि मामी म्हणायचो. दोघंही मूळचे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी घरात तशीच जपली, मध्ये मध्ये तमिळ घालून. मामी भाजीवाल्याशी तमिळ बोलायच्या, मुलाशी फोनवर इंग्रजी, आणि आमच्याशी बखर. 'कोठें गेलां होतां?', 'उशीर झाला म्हणोन बसलें.' आणि जिन्यात भेटलो की ठरलेलं, "काय करालांत?" म्हणजे काय करताय. शाळा तमिळ-इंग्रजीत झालेली असल्यामुळे दोघांनाही देवनागरी मात्र वाचता यायची नाही.

एकदा मामींनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी त्या एका लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. तिथल्या बायकांशी हौसेने मराठीत बोलायला लागल्या, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने तर दुसरीला बोलावून आणलं, परत बोला म्हणाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माणसांपुढे मामींनी मराठी बोलणं सोडलं. "तुमच्यापुढें बोलतें, तुम्ही घरचे म्हणोन," त्या म्हणाल्या. बायकोने हे मला जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

एका रविवारी पाहिलेला सिनेमा इतका भिकार होता की त्यावर लिहायला काही सुचेना. खालून मामींचा पाळणा ऐकू येत होता. त्यांच्या घराण्यातला कृष्णाचा पाळणा. नातू परगावी, पाळण्यात कोणी नाही, पण तांदूळ निवडताना त्या तो म्हणायच्या. मला वाटलं, आज याच घराचं परीक्षण लिहावं. आणि लिहिलं:

'चित्रपट: खालचा मजला. कालावधी: पहाटेपासून निजेपर्यंत, मध्यंतर नाही. भाषा: मराठी, असं निर्मात्यांचं म्हणणं. नायिका दिवसातून वीस वेळा "काय करालांत?" विचारते आणि उत्तराची वाट न पाहता सांबार वाढते. संगीत: एकच गाणं, पाळणा. त्यातला प्रत्येक सूर स्वतःच पाळण्यात बसून हलतो. बाळ झोपत नाही, वरचा भाडेकरू मात्र उठतो. पाचपैकी दीड तारा, त्यातला अर्धा सांबाराला.'

बायकोने वाचलं. ती हसली, तेही थोडंसंच, आणि मग म्हणाली, "हे काढ."

"कोण वाचतंय? चार जण."

"त्यातले दोन तू."

पण या वेळी चार जणांवर थांबलं नाही. मेहुण्याने ते परीक्षण ई-मेलने मित्रांना पाठवलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. तो फॉरवर्डचा जमाना होता. माझं नाव पहिल्या दोन उड्यांतच गळून पडलं, काही प्रतींत ब्लॉगचा पत्ता तेवढा उरला. ब्लॉगवर पुण्याचे, नागपूरचे, दुबईचे लोक येऊन खाली 'काय करालांत?' लिहून जायला लागले. माझ्या उत्तमोत्तम सिनेमांच्या यादीवर आयुष्यात एक प्रतिक्रिया आली होती, तीही चप्पल विकणाऱ्याची. मी दिवसातून दहा वेळा ब्लॉग उघडून नव्या प्रतिक्रिया मोजायला लागलो.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी मिळून एक छोटं मंडळ चालवलं होतं. रेल्वेतले, बँकेतले, कारखान्यातले आम्ही सगळे बदलीवाले. संक्रांतीच्या तिळगुळाला तिथे एकाने तो फॉरवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. लोक पोट धरून हसत होते. लेखक कोण, कोणालाच माहीत नव्हतं. शहाणा माणूस तिळगूळ खाऊन घरी गेला असता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ते माझंच आहे. आमच्याच घरमालकांवर."

टाळ्या वाजल्या. बायको तोपर्यंत दाराबाहेर जाऊन चपला घालत होती.

आठ-दहा दिवसांनी मामा वर आले, मागे मामी. मामा रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे. मंडळाच्या सेक्रेटरींचा त्यांना फोन आला होता. पाडव्याच्या कार्यक्रमात मामींनी पाळणा म्हणावा.

"तुमच्याविषयीं नेटवर छान आलं आहे, असें म्हणाले ते," मामा म्हणाले. "तुम्हीच लिहिलं ना? आम्हांस सांगितलं देखील नाहीं."

मामी दारातच उभ्या होत्या. "मी नाहीं जाणार. त्या लोकांपुढें माझं मराठी... तुम्ही गाण्यावर लिहितां. तुम्ही सांगा. हसतील का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "छे, हसतील कशाला?"

"मग वाचून दाखवा," मामा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी कॉम्प्युटर लावला. टेलिफोनच्या तारेतून खरखर करत ते पान वरून खाली उतरू लागलं. मला वाटत होतं, आज लाइन तुटू दे. एरवी रोज तुटायची. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभी राहिली, माझ्याकडे बघत. पान पूर्ण उघडलं. मी त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो, तिथे नसलेलं.

"'आमच्या खालच्या मजल्यावर,'" मी वाचलं, "'एक जुनी, सोन्यासारखी मराठी राहते. त्या घरातला पाळणा ऐकला की, ऐकला की...'" पुढे सुचेना. एका नामवंत गायिकेवर लिहिलेल्या जुन्या लेखातली वाक्यं आठवली, तीच लावून दिली. आवाजाला मोरपीस केलं, सुरांना दव केलं. मामी डोळे मिटून ऐकत होत्या. मामांनी मात्र चष्मा सरसावून पडद्याकडे बघितलं. अक्षरं येत नसली तरी चित्र कळतं.

"ही दीड चांदणी कशास?"

"ते गुण आहेत."

"कितींपैकीं?"

"दोनपैकी," मी म्हणालो.

मामांनी क्षणभर हिशेब केला. "म्हणजे पंचाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन आहे," त्यांनी मामींना सांगितलं.

मामी हसल्या आणि म्हणाल्या, "इतकं लिहिलं आहे, तर म्हणतें मग."

ते दोघं खाली गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता सांगायचं असेल तर आजच सांग." मी त्या दिवशी फक्त ब्लॉगवरचा तो लेख पुसला. तिळगुळाच्या दिवशी हसलेल्या लोकांच्या डोक्यातून तो कसा पुसायचा, याचं बटण नव्हतं. रोज ठरवायचो की आज खाली जाऊन बोलू. रोज खालून पाळण्याची तालीम ऐकू यायची, आणि मी जिन्यावरून माघारी फिरायचो. सेक्रेटरींना फोन करून मामींचं नाव काढायला सांगावं, असंही एकदा मनात आलं. पण मग ते नाव कोणी काढलं, हे मामा विचारणार. तेव्हा काहीच न करणं मला सगळ्यात सभ्य वाटलं.

पाडव्याला एका शाळेचा हॉल घेतला होता. पंखे फिरत होते आणि गरम हवाच खाली ढकलत होते. मामी मोरपंखी रेशमी साडी नेसून आल्या होत्या, केसांत मोगरा. आम्ही चौथ्या रांगेत बसलो, मी आणि मामा शेजारी शेजारी. त्या स्टेजवर गेल्या, माइकपासून जरा लांबच उभ्या राहिल्या.

"सगळ्यांस नमस्कार. आमच्या घरचा पाळणा म्हणतें. चुकलें तर..."

पाठीमागून एक आवाज आला, "मामी, काय करालांत?"

सगळा हॉल हसला. दुष्टपणाने नाही, ओळखीचा विनोद भेटल्यावर हसतात तसा. दोन-तीन पोरांनीही तेच ओरडून दाखवलं. शेजारी मामा मनापासून हसले. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "पाहिलंत? त्यांस देखील ठाऊक!"

मामी ज्याने ओरडून विचारलं त्याच्याकडे बघत नव्हत्या. आपल्या स्वयंपाकघरातलं वाक्य या अनोळखी माणसाच्या तोंडी कसं गेलं, हा प्रश्न त्यांनी त्याला विचारलाच नाही. त्यांनी सरळ चौथ्या रांगेत माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. उत्तर द्यायचं ते तेवढ्यात देऊन झालं.

त्यांनी पाळणा सुरू केला. एकही कडवं गाळलं नाही. मध्ये कोणीतरी खुसखुसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. मी इतके महिने तो पाळणा जिन्यातून ऐकून त्यावर दोन विनोद केले होते, पण शब्द कधी लावलेच नव्हते. त्यात यशोदा बाळाला सांगते की आपण परक्या गावात आलो आहोत, इथे हळू रड. हे मला त्या दिवशी कळलं. टाळ्या बऱ्यापैकी वाजल्या. सेक्रेटरींनी श्रीफळ दिलं.

रिक्षात मामा एकटेच बोलत होते. पुढच्या पाडव्याला कोणता पाळणा घ्यावा, वगैरे.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही धड आलं नाही. मी लिहिलं ते वेगळं होतं, वाचलं ते वेगळं होतं, तारे पाचपैकी होते, हे मी कसंबसं सांगितलं. माझं होईपर्यंत मामी उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नो, नो. व्हाय सॉरी? प्लीज सिट. कॉफी?"

मी बसलो. कॉफी आली, नेहमीसारखीच, फेस आलेली, आणि बरोबर दोन मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्याही. मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी नीट, सौजन्याने इंग्रजीत उत्तर दिलं. राग कुठे दिसला नाही. राग असता तर मी त्याच्याशी काहीतरी वाद घातला असता.

मामांच्या वागण्यात कधीच काही बदललं नाही. मला वाटतं, त्यांना मामींनी सांगितलंच नाही. पुढे माझी बदली होईपर्यंत मामी माझ्याशी एक शब्द मराठीत बोलल्या नाहीत. ब्लॉग मी चालू ठेवला, तारे द्यायचं तेवढं सोडलं. तो फॉरवर्ड मात्र फिरतच राहिला. एकदा बँकेतल्या माझ्याच पत्त्यावर आला, 'नक्की वाचा, हसून हसून मराल' अशा शिफारशीसह.

माझ्या बायकोशी मात्र त्या मराठीत बोलायच्या. दुपारी दोघी मागच्या ओट्यावर काहीतरी निवडत, सोलत बसायच्या. बँकेला सुट्टी असली की जिन्यातून मला ते ऐकू यायचं, ती लांब लांब वाक्यं, मध्येच तमिळ, मध्येच हसू. मी खाली दिसलो की ते बंद व्हायचं आणि मामी इंग्रजीत पाऊसपाण्याची चौकशी करायच्या. म्हणून मी चपला काढून हातात घ्यायचो आणि वरच्या पायरीवर थांबायचो. त्यांची गोष्ट पुरी होऊ द्यायचो. मग खोकायचो आणि खाली उतरायचो.