तुडीलचं स्थळ

टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडणं हे माझ्या आरोग्यसेवकाच्या नोकरीतलं एक काम. ते डासांच्या अळ्या खातात, यापलीकडे त्यांच्याविषयी मला काही ठाऊक नव्हतं. माझी मुलगी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. गेल्या वर्षी तिने प्रकल्पासाठी माझ्याकडून थोडे गप्पी मागून घेतले आणि पोलादपूरच्या घरी खिडकीखाली काचेच्या पेट्या मांडल्या.

मधल्या पेटीत एक मादी. एका बाजूच्या पेटीत नारिंगी ठिपक्यांचा झळझळीत नर, दुसऱ्या बाजूला एक फिका. मादी सारखी झळझळीत नराच्या बाजूच्या काचेला चिकटायची. मग मुलीने फिक्याच्या पेटीत दुसरी एक मादी सोडली, पहिलीला ते बघू दिलं आणि थोड्या वेळाने त्या दुसरीला काढून घेतलं. आता पहिली फिक्याकडे घुटमळायला लागली.

"ह्याच्यात तिला काय दिसलं?" मी विचारलं.

"त्याच्यात काही नाही. दुसरीला हा चालला, एवढंच दिसलं. दर वेळी होतं असं नाही, बाबा, पण होतं."

"पण ती दुसरी तर तूच आणून ठेवलीस."

"मग? हिला कुठे माहीत आहे ते."

मी उठून अंगणात गेलो.

माझं लग्न जमत नव्हतं तेव्हाची गोष्ट. नोकरी कायम झालेली नव्हती, मुंबईत खोली नव्हती, आणि दिसायला मी आहे तो आहेच. दोन ठिकाणांहून नकार आला की तिसऱ्या ठिकाणचे आधी विचारतात, त्या दोघांनी नाही का म्हटलं. शिवथरच्या खोऱ्यात एका घरी मुलगी बघायला गेलो, तेव्हा सोबत आलेल्या माझ्या मामाने पोहे खाता खाता सांगून टाकलं, "तुडीलची मंडळी तर हो म्हणून बसलीत. पोरगी पण तयार हाय. आमीच म्हटलं, एक हे घर बघून घेऊ."

तुडीलला तसं घर होतं, त्यात लग्नाची मुलगीही होती. पण आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो, साधा निरोपही धाडला नव्हता. मामाला ते घर नुसतं ऐकून माहीत. मी मान खाली घालून पोहे खात राहिलो. खोऱ्यातल्या मुलीचा होकार लगेच आला. तीच माझी बायको.

मामाचं बोलणं फिरत फिरत तुडीलला पोचलं, पण पोचेपर्यंत उलटं झालं: पोलादपूरच्या मुलाने तुडीलची मुलगी नाकारली. तिला बघायला येणारे विचारू लागले, आधीचं का मोडलं? घरचे सांगायचे, आधीचं काही नव्हतंच. ते कोण खरं मानणार? हे सगळं मला लग्नानंतर लवकरच बाजारात कळलं होतं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. नाही उघडलं. बायकोला काय वाटेल, असं स्वतःला सांगत राहिलो. तुडीलच्या त्या मुलीचं लग्न झालंच नाही. पुढे ते गाव माझ्याच कामाच्या भागात आलं, आणि त्या घराच्या टाकीत मासे सोडायला मी दर वेळी सोबतच्या माणसाला पाठवत आलो.

मुलीच्या पेट्या बघितल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मग तुमाला काय वाटलं, तुमच्या तोंडाकडं बघून हो म्हटलं मी? पोह्यातनं डोकं तरी वर केलंत का? तुडीलवाले देतायत म्हणजे काय तरी असेल, म्हटलं." जरा वेळाने म्हणाली, "मला सांगून काय उपेग. मी हाय बरी. जिला सांगायचं तिला सांगा."

यंदा तुडीलच्या त्या घरी मी स्वतः गेलो. ती पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. केस पिकलेले. मी कोण ते सांगितलं आणि झालं ते सांगितलं, मामावर न ढकलता.

"म्हणजे तुमी मला बघितलीच नव्हती?"

"नाय."

"कधीच?"

"आज बघतोय."

तिने हातातली आठळी सुपात टाकली. "मला वाटायचं, बाजारात नायतर एसटीत कुठं तरी लांबनं बघून गेलात. काय दिसलं असेल, म्हणून आरशात बघत बसायची मी. चालताना खांदा वाकडा दिसतो का, ते वहिनीला विचारायची."

मी माफ करा म्हणालो. ते माझ्याच कानाला फार हलकं लागलं. ती सूप बाजूला सारून उठली आणि घरात हाक दिली, "दादा, जरा बाहेर ये रे. वहिनी, तू पण ये गो."

दोघं दारात येऊन उभी राहिली. मग ती मला म्हणाली, "आता बोला. मगाशी बोललात तसंच, पण जरा मोठ्यानं. शेजारची पण पडवीत बसलीत."

मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.