फॉर्मवरची सही

रोह्याच्या कॉलेजात अवयवदानावर व्याख्यान देऊन मी पेणच्या एसटीत बसले. पिशवीत मुलांनी भरलेले ऐंशी फॉर्म होते आणि मी स्वतःवर खूश होते. निम्म्यांनी हजेरीसाठी सह्या केल्या हे मला ठाऊक होतं, पण सही ती सही.

शेजारची बाई हमरापूरची. कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते म्हणाली. एक फॉर्म तिने हात लांब करून, मान तिरकी करून पाहिला. मूर्तीही ती तशीच तपासत असणार.

"पोरांनी घरी सांगितलंय ना?"

"त्यांची सही आहे की."

"मेल्यावर ती पोरं सही दाखवायला उठणार हायत व्हय?"

तिच्या नवऱ्याने नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. अभद्र नको म्हणून घरात बोलला नाही. कार्ड सापडलं तेराव्याला, त्याचे कपडे आवरताना.

"जन्मभर डोळे आखले मी," ती म्हणाली, "आणि घरातले खरे दोन जाळून मोकळी झाले."

रडली वगैरे नाही. उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरी ठाऊक हाय?"

चार वर्षं मी व्याख्यानं देते. माझं कार्ड पर्समध्ये असतं आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नाही.

पुढचा गडबचा थांबा यायच्या आत मी त्याला फोन लावून कार्डाचं सांगितलं.

"प्रवासात कसलं अभद्र बोलतेस?" तो म्हणाला.

बाईने माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, ती काय सांगते ते नीट ऐकून घ्या," म्हणाली, आणि मग तेराव्याला सापडलेल्या कार्डासकट स्वतःच सगळं सांगितलं.

नवऱ्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं ऐकताना त्याला हे कधीच जमलेलं नाही.