चव बघायचा चमचा

बाळीवेशीतल्या शिवम्माच्या खाणावळीत वाढण्याआधी आमटी कोणी चाखत नसे. आधी देवाला नैवेद्य. चाखलं की उष्टं झालं. मीठ ती मुठीच्या अंदाजाने घालायची आणि कधी चुकायची नाही. म्हणूनच मुदतीच्या तापात तिच्या जिभेची चव पार गेली, तरी गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. मी तिच्या शेजारी बसून भाकऱ्या थापायचे, म्हणून मला तेवढं ठाऊक.

तिचा मुलगा रुद्रप्पा पश्चिम जर्मनीत हॉटेलचं काम शिकला. तिकडची रीत अशी की आठवडाभर हॉटेलात राबायचं आणि मधेच एखादा दिवस शाळेत जाऊन त्याच कामाचे धडे घ्यायचे. सत्त्याहत्तर साली तो परतला आणि तीच रीत इथे सुरू करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. चार शिकाऊ आणले. पहिला धडा: चाखल्याशिवाय पातेलं उतरवायचं नाही.

तो चमचा घेऊन आत आला की शिवम्मा पाणी आणायला उठे, नाहीतर उपास सांगे. उपासांनी बाई वाळली.

"सांगून टाक की त्याला," मी म्हटलं.

"आन मग? चव न कळणारी बाई चुलीपुढं कोण बशीवतंय? ही चूल गेली तर मी कुटं जाऊ?" खोटं कशाला बोलू, भीती मलाही वाटत होती. तिच्यामागे माझंही काम जाणार होतं.

एका सकाळी त्याने तिला शिकाऊंसमोरच गाठलं. "अव्वा, चाख. ह्यास्नी सांग, आमटीत काय कमी हाय?"

पळायला वाट नव्हती. तिने चमचा तोंडात घातला. तव्यावर माझी भाकरी करपली.

"कायबी कमी न्हाय. झ्याक झालीया."

शिकाऊ फिदीफिदी हसले. आमटीत मीठच नव्हतं. फरक कळावा म्हणून त्याने मुद्दाम घातलं नव्हतं. रुद्रप्पा मात्र हसला नाही. पोरांना बाहेर घालवून तो आईपुढे उकिडवा बसला.

"मीठ घाल की, अव्वा. रोजच्यावानी."

तिने घातलं, पण गडबडीत अख्खी मूठ पातेल्यात सांडली. त्याने चाखलं.

"बरोबर हाय."

ती डोळे पुसायला परसात गेली. त्याने माझ्याकडे न बघता पातेल्यात दोन तांबे गरम पाणी ओतलं.