काळी तीनवरचा लाल ठिपका

शेवटची भेट रविवारची. चर्च सुटल्यावर एस्तर नेहमीप्रमाणे शरणपूरहून रिक्षाने आमच्याकडे आली. दोन जिने चढताना ती तीनदा थांबली, हे मी वरून पाहत होते. आत आल्यावर चपला काढायच्या आधीच तिनं कोपऱ्यातल्या बाजाच्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, पुसला नाहीत ना?"

"नाही गं बाई. अजून किती वर्षं ऐकायचं मी हे?"

"मी आहे तोवर," ती म्हणाली आणि हसत खुर्चीत बसली. चार दिवसांनी सकाळी सात वाजता लासलगावहून नीलिमाचा फोन आला. नीलिमा दुपारच्या आत कधी फोन करत नाही. एस्तर गेली होती...

एस्तरविषयी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं. इरा आणि कबीर, मी मात्र हे लिहिताना तुम्हा दोघांना समोर बसवलं आहे. मेलबर्नमध्ये तुमच्या आईच्या कपाटात एक सीडी आहे. तिच्यावर तीन बायकांचा फोटो आहे. मधली तुमची आई, माझी मेधा, डावीकडे हसू दाबणारी ती नीलिमा मावशी आणि उजवीकडे, आखूड केसांची, कॅमेऱ्याकडे न बघता तुमच्या आईकडे बघणारी, ती एस्तर.

नव्वदच्या दशकात या तिघी नाशिकला एकाच कॉलेजात होत्या. टीव्हीवर तेव्हा रोज नवा पॉप गायक दिसायचा आणि आपणही गाऊ शकतो असं प्रत्येक मुलीला वाटायचं. या तिघींनी ते खरंच केलं. तीन पेडांची वेणी म्हणून नाव ठेवलं 'तिपेडी'. तालीम आमच्या हॉलमध्ये, चार ते सहा. पाच वाजता चहा. तसं वेळापत्रक मी भिंतीला लावलंच होतं. इंग्रजीच्या शिक्षिकेच्या घरात त्याशिवाय काही होत नसे. मेधाचा आवाज उंच आणि टोकदार, नीलिमाचा मोकळा. एस्तर मात्र कायम काहीतरी वेगळंच गायची. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी चहा देताना विचारलं, "एस्तर, तुला चाल नीट येत नाही का गं?"

"येते की काकू. पण ती मेधा गातेच आहे."

ती लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गात आलेली. एकानं चाल धरायची आणि दुसऱ्यानं तिच्याखालून आपली वेगळी वाट काढायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. ती थांबली की गाणं उघडं पडायचं. ती गात असताना मात्र तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. पेटीही तीच वाजवायची. मेधाच्या आवाजाला मानवणारी पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी, म्हणून त्या पट्टीवर तिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. "वाजवायला कुणीही बसो, आपलं घर हे," असं ती म्हणायची.

पहिली कॅसेट चांगली चालली. गणपतीच्या मांडवांत वाजली. नीलिमाचे वडील लासलगावला कांद्याचे व्यापारी. त्यांनी ती ट्रॅक्टरवर लावून लिलाव संपेपर्यंत अख्ख्या मार्केट यार्डाला ऐकवली. दुसऱ्या कॅसेटची गाणी बसत असतानाच मेधाच्या गळ्याला गाठ आली आणि थायरॉइडचं ऑपरेशन करावं लागलं. गाठ साधी निघाली, बोलण्यावर परिणाम होणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही सोसायटीत पेढे वाटले. महिन्याभरानं मेधानं दार लावून घेऊन काळी पाच धरली. वरच्या सुरांवर आवाज फाटला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "आई, पेटी वर ठेवून दे."

मी ठेवली. माळ्यावर. वर चिठ्ठीही चिकटवली, 'हार्मोनियम. वापरात नाही.' मला वाटत होतं, मी घर आवरते आहे.

अशी सात वर्षं गेली. मेधाचं लग्न झालं, ती गंगापूर रोडला राहायला गेली. नीलिमा लासलगावातच दिली. एस्तर एका शाळेत संगीत शिकवू लागली. ती दर रविवारी यायची, मेधाही यायची. दोघी सगळ्या जगाविषयी बोलायच्या, गाण्याचा विषय सोडून. एका वर्षी नाताळानंतर एस्तर केक घेऊन आली, सोबत नीलिमाला घेऊन आली आणि सरळ म्हणाली, "आपण अल्बम करू या."

मेधाचा चेहरा उतरला. "काळी पाच लागली तर गाईन. खाली उतरून गाणार नाही. लोकांनी बिचारी म्हणावं म्हणून मला उभं राहायचं नाही."

पेटी खाली काढली. एस्तरनं सूर दिला. पहिल्याच ओळीत आवाज फाटला आणि मेधा उठून स्वयंपाकघरात गेली, मेथी निवडायला बसली. मी तिच्यामागे गेले नाही.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली. सात वर्षांची धूळ पेटीवर होती. मी भाता, पट्ट्या, खाचा सगळं लख्ख पुसलं. एका पट्टीवर काहीतरी चिकटलेलं दिसलं. ते निघेना, म्हणून शेजारून नेलपॉलिश काढायचं औषध आणून कापसाच्या बोळ्यानं साफ केलं. नेलपॉलिशचंच औषध त्याला कसं लागू पडलं याचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्या रविवारी एस्तरनं झाकण उघडलं आणि काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "काकू... ठिपका?"

"तो होय? मला डाग वाटला गं."

"घ्या!" नीलिमा ओरडली. "काकूंनी आपलं करिअर बोळ्यानं पुसलं. लय भारी!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. एस्तर मात्र पेटीकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "बरं झालं काकू. आता कुठेही देता येईल." तिनं पर्समधून बाटली काढली. तिच्या मागे मी उभी होते, म्हणून मला दिसलं. काळी पाच सोडून ती दोन काळ्या पट्ट्या डावीकडे, खालच्या सुराकडे सरकली आणि काळी तीनवर ठिपका दिला. माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. मेधा पलीकडे बसली होती, तिला पेटीची पाठच दिसत होती.

"घे, मेधे. आपलं घर."

मेधा गायली. आवाज फाटला नाही. तो आधीसारखा टोकदार नव्हता, त्याला ऊब आली होती. नीलिमानं तिच्या बाजूनं सूर मिळवला. एस्तरची नेहमीची खालच्या सुरांची जागा आता मेधानं घेतली होती, म्हणून एस्तर आणखी खाली उतरली, जवळजवळ कानात बोलल्यासारखी. पूर्ण गाणं झालं.

मेधा चहा टाकायला उठली, मी मागे गेले. "आई," ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "काळी तीन होती ना?"

"तुला कळलं?"

"पहिल्याच सुराला. गळा गेला म्हणजे कानही गेले वाटलं का तुला?"

"मग बोलली नाहीस?"

"ती इतक्या मनापासून फसवत होती..." चहा उतू गेला. ओटा मी दुसऱ्या दिवशी पुसला.

ती सीडी म्हणजे 'सैल वेणी'. पूर्वीची चमक राहिली नाही, असं कुणीतरी छापलं. पण पूर्वीची गाणी लोक नुसती ऐकायचे. ही बायकांना गाता येऊ लागली. आमच्या जिन्यात कपडे वाळत घालताना कुणीतरी गुणगुणतच असायचं. नीलिमाचा फोन आला, "काकू, आता माझी सासूपण गाती. एस्तरला सांगा, आवरा म्हणावं!"

शेवटच्या भेटीत मी एस्तरला विचारलं, "मेधाला त्या दिवशी सगळं कळलं होतं, माहीत आहे का तुला?"

"दुसऱ्या कडव्याला तिनं मला डोळा मारला होता, काकू," ती म्हणाली.

इरा, परवा मी फोनवर तुझ्या आईशी बोलत होते, तेव्हा मागे तू काहीतरी गुणगुणत होतीस. मला ओळखीचं वाटेना. मेधा म्हणाली, "अगं, ती 'सैल वेणी'तलंच म्हणते आहे. फक्त चाल सोडून एस्तरचा आवाज उचललाय तिनं. चाल शिकवली तर म्हणते, ती तू गातेच आहेस ना."

मी फोन ठेवून पेटीपाशी गेले. पुसायचं फडकं हातात होतंच. सगळ्या पट्ट्या पुसल्या, काळी तीनला वळसा घालून. झाकणाच्या आतल्या कप्प्यात एस्तरची नेलपॉलिशची बाटली आहे. रंग घट्ट झाला होता. मी त्यात नेलपॉलिश काढायच्या औषधाचे दोन थेंब घातले आणि हलवून पाहिलं. ओला झाला आहे. डिसेंबरात येशील तेव्हा तुझी पट्टी शोधू.