कोपरापर्यंत

मावशीला नमस्कार करायची सोय नव्हती. तुम्ही हात जोडले की ती ते उघडून आधी नखं बघणार आणि मग विचारणार, "आयो! कोपरापर्यंत धुतलेस का रे?" गणपतीत प्रसादाला हात पुढे केला तरी तेच. एकदा तर पूजा सांगायला आलेल्या महाराजांनाच तिनं नळ दाखवला. महाराज धोतर सावरत मुकाट्यानं गेले. तिच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद!

आमचे मराठी पणजोबा बोटीनं ज्या बेटावर आले, तिथल्या पेती राफ्रेत ती सगळ्या गावाचीच मावशी. उत्तरेकडच्या एका सरकारी इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डची मोठी सिस्टर. आत शिरताना बांगड्या काढून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची. सासू कुरकुरायची, "सवाशीण बाई, आणि हात भुंडे!" मावशी म्हणायची, "बांगडीखाली घाण राहते, आई. तिबाबाला ती सोसत नाही." आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत तान्ह्याला तिबाबा म्हणतात.

तिच्या जिवाला एकच घोर होता. मधूनच एखाद्या बाळाची नाळ चिघळायची, ताप चढायचा. काही बाळं गेलीही. बसमध्ये माझ्याशेजारी बसून ती म्हणायची, "सगळ्या पोरी हात धुतात रे, मी उभी राहून धुवून घेते. मग हा ताप शिरतो कुठून?" मी त्याच बसनं कामाला जायचो. मी सरकारी खात्यातला कॅमेरावाला.

ऐंशी सालानंतर केव्हातरी नर्सना शिकवायला व्हिडिओ काढायचं ठरलं. कॅमेरा माझा, हात मावशीचे. तिच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. "बेटावरच्या सगळ्या इस्पितळांत माझं थोबाड दिसणार," म्हणत तिनं गणवेशाला अशी कडक इस्त्री केली की मोडू नये म्हणून सकाळपासून बसलीच नाही.

ती क्रिओलमध्ये समजावत होती, फक्त "कोपरापर्यंत!" तेवढं मराठीत. हात धुतले, बाळाजवळ आली, नाळ पुसून दाखवली. एका दमात झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारी नर्सच्या खोलीत टीव्हीवर लावलं. पोरी खिदळत होत्या. अचानक मावशी म्हणाली, "थांब. मागे घे."

मी मागे घेतलं. "परत घे," म्हणाली.

तेव्हा मलाही दिसलं. हात धुऊन ती बाळाजवळ येते, बाळ जांभई देतं, आणि तिचा चेहरा लोण्यासारखा वितळतो. बाळाच्या गालांवरून हात फिरवून ती आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडते. दृष्ट काढते हो! तेल लावलेल्या केसांवर टेकलेल्या त्याच बोटांनी मग नाळ पुसते. मी समोर उभा राहून टिपलं आणि मला दिसलं नव्हतं. कसं दिसणार? माझी आईही हेच करते. तुमचीही करत असेल.

"मावशी, एवढं कापून टाकतो," मी म्हणालो. "उद्या परत घेऊ. कुणाला कळायचं नाही."

"मला कळलं ना," ती म्हणाली. मग आपल्या बोटांकडे बघत, "माझ्याच हातानं शिरत होता रे तो ताप." इस्त्रीची पर्वा न करता ती मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

डोळे पुसून उठली ती थेट नळावर. "कॅमेरा लाव. ते काही कापायचं नाही. आता मी पुन्हा धुते, ते त्याच्यापुढे जोड." आणि कॅमेऱ्याकडे बघून क्रिओलमध्ये म्हणाली, "ही चूक माझी. माया करायची तर करा, पण मग परत धुवा." आणि शेवटी, "कोपरापर्यंत!"

निवृत्तीनंतर ती फार जगली नाही. "तुझं तिबाबा बघायला येईन, हात धुऊन," म्हणाली होती. राहून गेलं.

पुढे मला मुलगी झाली, दुसऱ्याच इस्पितळात. आईनं नातीच्या गालांवरून हात फिरवला, कडाकड बोटं मोडली आणि तिला उचलायला वाकली. तेवढ्यात कोपऱ्यातली कोवळी क्रिओल नर्स ओरडली, "आयो! कोपरापर्यंत!"

आई थक्क. "अगं बाई, ही मराठी बोलते?"

नर्स लाजली. क्रिओलमध्ये म्हणाली, "नाही हो. व्हिडिओतल्या मादाम असंच म्हणतात."

आई हसत हसत नळाकडे गेली. मला हसता येईना. मीही तिच्यामागोमाग गेलो आणि बाह्या वर सारल्या.