साहेबांना पूजेचं आमंत्रण

मुलीला शाळेत जुन्या फ्रान्सच्या राजदरबारावर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. दोह्यातल्या अल थुमामाच्या नव्या व्हिलात आमची खोकी अजून उघडायची होती. त्यातल्याच एकावर लॅपटॉप ठेवून ती आम्हा दोघांसमोर तालीम करत होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्याकडे नेहमीचंच.

तिचा विषय होता, तिथे सरकारी पदं कशी विकत मिळायची. न्यायाधीशाचं पद घ्या, करवसुलीचं घ्या. दरवर्षी राजाला ठरलेला कर भरत राहिलं की बापामागे ते पद मुलाकडे, अगदी जमिनीसारखं.

"म्हणजे इंटरव्ह्यू वगैरे भानगडच नाही? बरं होतं की!" नवरा म्हणाला.

मग तिने राजाच्या अर्थमंत्र्याची गोष्ट सांगितली. त्याच्या नावाचा उच्चार मला काही जमला नाही. हा मंत्री स्वतःच्या नावावर कर्ज काढून राजाचा खर्च भागवायचा आणि पुढे वसुलीतून ते फेडून घ्यायचा. त्यातला कुठला पैसा राजाचा आणि कुठला आपला, हे हळूहळू त्यालाही सांगता येईना. त्याने मोठा महाल बांधला, बाग केली आणि कौतुकाने राजाला जेवायला बोलावलं. राजा जेवला, आतषबाजी बघितली. थोड्याच दिवसांत मंत्र्याला अटक झाली आणि तो कैदेतच मेला. त्याच्या बागेतली संत्र्याची झाडंसुद्धा राजाने उचलून नेली.

"पण त्याने चोरी केली होती का?" मी विचारलं.

"इट्स कॉम्प्लिकेटेड, आई. सगळेच तसं करायचे. ज्याने त्याला पकडून दिलं ना, तोही नंतर रिच झाला."

नवऱ्याला गंमत वाटत होती. मला मात्र ती गोष्ट नको तेवढी जवळची वाटली.

त्याला कारण होतं. नवरा नुकताच कंपनीत खरेदी विभागाचा मॅनेजर झाला होता. कुठल्या सप्लायरकडून माल घ्यायचा ते आता त्याच्या सहीवर ठरणार होतं. त्या पदाबरोबर ही व्हिला आली. आधी आम्ही उम्म सलाल मोहम्मदला एका छोट्या फ्लॅटमध्ये होतो, तिथे वर्षानुवर्षांत कुणी साधी खजुराची पेटी पाठवली नव्हती. इथे मात्र आल्याबरोबर आम्ही सगळ्यांचे लाडके झालो.

त्यात सगळ्यात पुढे होता पाइप-फिटिंगचा एक सप्लायर. इंडस्ट्रियल एरियात त्याचं गोदाम होतं आणि मूळचा तो आमच्याच नाशिकचा. त्याचा माणूस येऊन पडदे लावून गेला, एसी साफ करून गेला. ताजी मेथी घेऊन तर तो स्वतःच दारात उभा राहायचा. बिलाचं विचारलं की म्हणायचा, "वहिनी, असं परक्यासारखं नका ना बोलू!"

मी नवऱ्याला विचारायची, "हा माणूस तुझा आहे की तुझ्या खुर्चीचा?"

"आपल्या गावचा आहे गं. तुला ना, सगळ्यांतच काळंबेरं दिसतं."

दिसतंच. इथे नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. घर, मुलीची शाळा, राहण्याचा परवाना, सगळंच खलास. ती धास्ती मी उशाशी घेऊन झोपत होते.

अशात नवऱ्याने नव्या घरात सत्यनारायण घालायचा बेत केला आणि थेट मोठ्या साहेबांनाच बोलावलं. "तुझ्या मुलीने काय सांगितलं ते ऐकलंस ना?" मी म्हटलं. तो एवढा हसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

साहेब वसईचे कॅथलिक, निम्मं आयुष्य दोह्यात गेलेलं. शनिवारी दुपारी ते बायकोला घेऊन वेळेवर आले, पूजेसमोर हात जोडून उभे राहिले, दोन्ही हातांनी प्रसाद घेतला. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात पानं मांडली गेली.

सप्लायर सकाळपासूनच हजर होता. गोदामातून खुर्च्या त्यानेच आणवल्या होत्या. आता त्याने बाह्या सरसावल्या, माझ्या स्वयंपाकघरात शिरून मसालेभाताचं पातेलं उचललं आणि पंगतीत वाढायला लागला. साहेब गोरे असते तर त्याला केटररचा माणूस समजले असते आणि विषय संपला असता. पण साहेब आपल्यातले. आपल्याकडे पंगतीत आग्रह करकरून कोण वाढतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. भाऊ वाढतो, दीर वाढतो. पाहुणा वाढत नाही.

"घ्या साहेब, लाजू नका. आपलंच घर आहे!"

साहेबांनी पानावर हात आडवा धरला. "तुम्ही यांचे बंधू का?"

"बंधूच समजा ना!" म्हणत त्याने मोठ्या अभिमानाने आपलं आणि आपल्या कंपनीचं नाव सांगितलं.

साहेबांचा घास हातातच राहिला. त्या कंपनीचं टेंडर तेव्हा ऑफिसात निर्णयासाठी पडून होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त नवऱ्याचा उतरलेला चेहरा दिसला.

निघताना साहेब नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, जेवण छान झालं हो. ह्याला उद्या जरा लवकर पाठवा."

सगळे गेल्यावर मी सरळ विचारलं, "काही घेतलंयस का त्याच्याकडून?"

"एका रियालला हात लावलेला नाही. मुलीची शपथ."

मी विश्वास ठेवला, आजही ठेवते. पण पडदे, एसी, मेथी, खुर्च्या यांना काय म्हणायचं ते त्याला सांगता येईना, आणि मलाही येईना.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तो ऑफिसातून परत येईपर्यंत मी दारातून खिडकीत आणि खिडकीतून दारात करत होते. आला तो पांढराफटक. साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. एवढंच विचारलं होतं, "हे पद मिळायच्या आधी तो तुला कधी भेटला होता?" नवरा खोटं बोलला नाही. त्याला खरेदीतून काढून साइटवरच्या स्टोअरला टाकलं. नोकरी राहिली, परवाना राहिला. व्हिला सोडावी लागणार होती. मी देवापुढे दिवा लावला आणि चक्क रडले, आनंदाने.

नवरा मात्र सप्लायरच्या फोनची वाट बघत मोबाइल समोर ठेवून बसायचा. "बिचाऱ्याला वाईट वाटत असेल. आपल्यामुळे झालं म्हणून तोंड दाखवत नसेल," म्हणायचा. मी खोकी आणि चिकटपट्टी शोधायला लागायची.

आम्ही परत खोकी भरत असताना त्याचा फोन आला. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बोला भाऊ! किती दिवसांनी!" म्हणत तो बाल्कनीत गेला. पण बोलणं चालू झालं तसं संपलंही. आत येऊन तो मोबाइलवर काहीतरी टाइप करत राहिला.

"काय म्हणत होता?"

"खरेदीत नवीन साहेब आलेत ना, त्यांचा नंबर हवा होता."

"दिलास?"

"दिला." त्याने फोन खिशात टाकला आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला खाली बसला. पट्टी ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी पण चौकशी करत होता."

"हो का?" मी म्हटलं, आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.