नांदगावच्या खळ्यात जॉबरने दिलेला शब्द

आमचा पास्कू जॉबर माणसाचं बोलणं डोळ्यांनी ऐकायचा. तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढल्यावर कान शिल्लक राहतील कसे? साचा म्हणजे माग. शे-दीडशे साचे एका छपराखाली खडखडायला लागले की शेजाऱ्याने शिवी हासडली तरी पत्ता लागत नाही. म्हणून आम्ही सगळेच ओठ वाचायचो. पण जॉबर चार रांगा पलीकडून वाचायचा, तेही समोरच्याच्या तोंडात तंबाखूचा तोबरा असताना. त्याच्या पाठीमागे काय बोलायचं ते बोला; समोर तोंड उघडलंत की मेलात.

जॉबर म्हणजे एका ओळीतले साचे चालते ठेवणारा माणूस. हा आमचा मालवणच्या किनाऱ्यावरचा, घरी क्रूस, गळ्यात क्रूस आणि खिशात कायम पाना. त्याला अहो-जाहो केलेलं खपत नसे. मी नवा होतो तेव्हा ‘अहो जॉबर’ म्हणालो, तर म्हणाला, “साच्याक कोण अहो म्हणता रे मेल्या? माका पण म्हणा नको.” तेव्हापासून तो मला ‘तू’ झाला, आणि माझ्या बापाच्या मागे बापाच्या जागी तोच होता.

त्याची शिकवण्याची पद्धत म्हणजे छळ होता. ताण्याची तार तुटली की चालत्या कामात चटकन गाठ मारायची असते, तीही इतकी चपटी की कापडावरून हात फिरवला तरी लागू नये. जॉबरने मला पंधरा दिवस डोळ्यांवर फडकं बांधून ती गाठ मारायला लावली. चुकलं की टाळक्यात टपली. “डोळे माणसांका बघूक ठेव. गाठ बोटांनी बघूची.” मनातल्या मनात मी त्याला किती शिव्या दिल्या असतील, देव जाणे. मनातल्या होत्या म्हणून वाचलो.

मग एकेक साचा बंद पडू लागला. सूत येईना, सुटे भाग मिळेनात, बंद साच्यांवर गोणपाटं पडली. जॉबर रोज सकाळी त्या गोणपाटांखाली हात घालून साच्याची चौकट चाचपायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, “साचो निजलो आसा. मेलो नाय.” आम्हाला मात्र पुढचं दिसत होतं.

अशा दिवसांत माझं लग्न ठरायचं होतं. मे महिन्यात मुंबईहून गावी आलो आणि मुलगी बघायला नांदगावला गेलो. माझ्याकडून मोठं माणूस म्हणून जॉबर आला, इस्त्रीचा सदरा घालून. मुलीचे वडील शाळामास्तर. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्च्या मांडलेल्या, बोलणं सगळं शुद्ध मराठीत: आपण किती वर्षं मुंबईत, पगार किती, पुढे काय योजना. मुलगी पोहे देऊन आत गेली. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मला ती इतकी आवडली की पोह्यांत मीठ होतं की नव्हतं ते आजही सांगता येणार नाही.

मास्तर उठले आणि मुलीच्या मामाला घेऊन पार गोठ्यापाशी गेले. तिथे दोघांची कुजबुज सुरू झाली. आता ही कुजबुज खाजगी असते हे जगाला कळतं. साचेखात्यातल्या माणसाला कसं कळावं? त्याला दिसलेले ओठ म्हणजे त्याच्याशीच बोललेले. आमचा जॉबर खुर्चीतून उठला आणि दीडशे साच्यांवरून पोचेल अशा आवाजात ओरडला,

“मास्तरांनु, गिरण बंद पडतली ह्यां खरां आसा! तुमी बरोबर बोललात! पण मामा, मी पिसो नाय, जॉबर आसंय!”

गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. जॉबरला वेडा म्हणालेला मामा लालबुंद. मी मान खाली घालून जमीन दुभंगायची वाट बघत होतो. आणि आत स्वयंपाकघरात ती मुलगी खळखळून हसली.

मास्तर शांतपणे जॉबरसमोर आले. त्याला ओठ दिसतील असे उभे राहिले आणि म्हणाले, “तर मग तुम्हीच सांगा. गिरणी बंद पडल्यावर माझ्या मुलीने काय खायचं?”

जॉबरने सदऱ्यावरच्या क्रुसाला हात लावला. “ज्या दिवशी गिरण बंद, त्या दिवसापासून ह्येच्या कामाचा मी बघतलंय. तुमच्या चेडवाक एक दिवस उपाशी निजाक देवचंय नाय.”

मास्तरांनी आत जाऊन मुलीला विचारलं. ती ‘होय’ म्हणाली. का म्हणाली, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

पुढे दोन वर्षांनी गेटाला टाळं लागलं. आठवड्याभरात जॉबर आमच्या खोलीवर हजर. बायकोच्या मांडीवर तान्हं पोर. तो म्हणाला, “सामान बांध.” त्याने आम्हाला थेट मालवणात आपल्या मेहुण्याच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या झोपडीत, आणून टाकलं. तिथे मासेमारीच्या ट्रॉलरच्या फाटक्या जाळ्यांचे ढीग. “बस हयसर. गाठ तीच. सूत जाडां, इतक्यांच.”

खरोखर तीच गाठ होती. तरी मला रडू कोसळलं. कापड विणणारा माणूस मी, आता भोकं विणायची? जॉबर म्हणाला, “कापडात पण भोकांच असतत रे. गिऱ्हायकाक दिसनत नाय इतक्यांच.” तो बाहेर गेल्यावर मेहुण्याने सांगितलं, की नांदगावहून परतल्यापासून प्रत्येक रजेत पास्कू त्याच्याकडे येऊन जाळं शिवायला शिकत होता. शब्द दिला तेव्हा मला द्यायला त्याच्याकडे काम नव्हतं, नुसता शब्द होता.

त्याच जाळ्यांवर माझं घर उभं राहिलं. आज माझ्या हाताखाली सहा माणसं शिवतात, आणि किनाऱ्यावर कोणालाही विचारा, माझी गाठ सुटत नाही. कान मात्र माझेही गेले.

गेल्या वर्षी जॉबरला कुडाळच्या इस्पितळात ठेवलं. मी आणि बायको गेलो. त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. आम्हाला बघून तो काहीतरी बोलला. मला प्लॅस्टिकवरची वाफ तेवढी दिसली. आयुष्यभर ज्याचा शब्दन् शब्द वाचला, त्याचं एक अक्षर मला कळेना. माझा इतका संताप झाला की तो मुखवटा ओढून काढावासा वाटला.

बायकोने वाकून कान लावला. मग त्याला दिसेल असं तोंड समोर धरून, हसून, सावकाश म्हणाली, “एक पण दिवस नाय, पास्कूबाब.”

जॉबरने तिचे ओठ वाचले, दोनदा मान हलवली आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी तो गेला. मी लहान पोरासारखा रडलो.

भेटीच्या दिवशीच इस्पितळाबाहेर आल्यावर मी बायकोला विचारलं, तो काय म्हणत होता. “इचारी होतो, ह्येच्या घरात एक तरी दिवस उपाशी निजलंस काय, म्हणान.”

पहिल्या वर्षी, माझा हात बसायच्या आधी, मला आणि पोराला वाढून ती दोन दिवस नुसत्या पाण्यावर निजली होती. मला ते ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

“आणि ते दोन दिवस?” मी म्हटलं.

तिने पदर नीट केला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “ते माझे. तेका कित्याक देऊ?”